गोवरीचा दम, गवताचा दम

घारपुरे मास्तर नव्या माणसाला नाव विचारत नसत. त्याला चढावर चालायला लावत आणि चालता चालता एकोणतीसचा पाढा म्हणायला सांगत.

लोणावळ्याच्या शाळेत भूगोल शिकवायला मी रुजू झालो, त्या दिवशी ट्रंक खांद्यावर घेऊन स्टेशनाकडून भाड्याच्या खोलीकडे चढत होतो. मागून पांढरी विजार आणि काळी टोपी घातलेला एक काटकुळा माणूस आला. ट्रंकेला हात लावावा असं काही त्याला वाटलं नाही. माझ्या बरोबरीनं चालत तो म्हणाला, "पाढा म्हणा." मला वाटलं, या गावात नव्या मास्तरांची अशीच परीक्षा घेत असतील. मी सुरुवात केली. अर्ध्या वाटेत माझा आवाज फाटला आणि पुढच्या वळणावर बंदच पडला. त्या गृहस्थानं समाधानानं मान हलवली, "गवत. निव्वळ गवत," असं म्हणाला आणि पुढे निघून गेला. खोलीचं कुलूप काढताना कळलं की शेजारच्या खोलीत हाच राहतो.

मास्तर आमच्या शाळेत ड्रिल शिकवत. त्यांच्या मते माणसाच्या छातीत दोन चुली असतात. एकीत गोवरी जळते. ती भडकत नाही, पण तासन् तास धग देते, आणि ती पेटलेली असताना माणसाला बोलता येतं. दुसरीत गवत जळतं. त्याचा भडका मोठा, पण बघता बघता राख. गवत पेटलं की बोलणं बंद, हातापायांत आग, आणि मग माणूस फुकट. "गोवरी किती आणि गवत किती, हे ज्याला कळलं त्याला बाकी काही कळायची गरज नाही," असं ते म्हणत, आणि बाकी काही कळून घ्यायच्या भानगडीत ते पडतही नसत.

सगळ्या जगाची त्यांनी अशी वाटणी केली होती. पोस्टमन गोवरी, मामलेदार गवत. आमचे हेडमास्तर जिना चढताना बोलत राहत खरे, पण काय बोलतात ते कुणाला समजत नसे. म्हणून ते ओली गोवरी, नुसता धूर. पूर्वी घाट चढून आलेलं वाफेचं इंजिन स्टेशनात धापा टाकत उभं राहिलं की मास्तर प्लॅटफॉर्मवर जाऊन त्याच्या धापा ऐकत. पुढे विजेची इंजिनं आली, तर आठवडाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. ज्याला दमच लागत नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा, असा त्यांचा सवाल होता. त्यानंतर मुंबईला जायचं झालं की ते गाडीत बसत, पण घाट संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत नसत.

हे वेड एवढ्यावरच राहिलं असतं तर मीही हसून सोडून दिलं असतं. पण मध्येच ती काकडी आली.

आंदर मावळात धरण होऊन एका दरीचं तळं झालं होतं. धरणाच्या कंपनीतला कुठल्याशा युरोपी देशाचा एक इंजिनियर साहेब तिथंच टेकडीवरच्या बंगल्यात राहत असे. त्यानं आपल्या मुलखातून एक होडी मागवली. एका माणसापुरती, अरुंद, वरून कापडानं मढवलेली. माणसानं तिच्या पोटात पाय लांब करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पाती असलेलं एकच वल्हं डावीउजवीकडे मारत सुटायचं. गावकऱ्यांनी तिला पाहताक्षणी काकडी म्हटलं. पुढे साहेबही काकडीच म्हणू लागला. लोणावळ्यातल्या एका जिमखान्याच्या हौशी मंडळींनी सुताराकडून तशा आणखी काकड्या करून घेतल्या, आणि थंडीत तळ्यावर शर्यत लावायची असं ठरलं.

मास्तरांच्या कानावर हे गेलं आणि आमचे शनिवार-रविवार संपले. आमचे म्हणजे त्यांचे आणि माझे. मला कुणी विचारलं नव्हतं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते माझ्या खोलीच्या दारात उभे राहत, आणि मी खाटेकडे एकदा प्रेमानं बघून चपला घालत असे. वडगावला उतरायचं, टांगा मिळाला तर टाकव्यापर्यंत टांगा, पुढे पाय. चढावर मास्तर बोलत आणि मी ऐकत असे, कारण मला बोलता येत नसे.

तिथं त्यांना किसन सापडला. किसन धरणात बुडालेल्या एका गावातला. गाव उठून वर माळावर गेलं होतं. तिथं तो आणि त्याची डोळे गेलेली म्हातारी आई, दोघंच राहत. भाताची सगळी खाचरं पाण्याखाली गेलेली, तेव्हा तो एक फळकुटाची होडी घेऊन लोकांना पैलतीरी सोडायचा आणि मिळेल ते घ्यायचा. पहिल्या दिवशी आम्हीच त्याच्या होडीत बसलो. तो वल्हवताना अखंड बोलत होता. मास्तरांनी टोपी काढली, त्याच्या पाठीला कान लावला, आणि पैलतीर येईपर्यंत तसेच बसून राहिले. किसननं माझ्याकडे बघून विचारलं, "ह्यास्नी बरं न्हाई का?"

त्याच संध्याकाळी मास्तर साहेबाच्या बंगल्यावर गेले आणि त्याच्याकडून सरावासाठी त्याची काकडी आणि एक शब्द घेऊन आले. किसन शर्यतीत पहिला आला, तर साहेब त्याला कंपनीच्या लाँचवर नोकरीला ठेवणार होता. कायमची नोकरी, वर राहायला खोली. नाही आला तर किसनपुढे वाट एकच होती. फळकुटाची होडी कंपनी बंद करणार होती आणि त्याला मुंबईला गिरणीत जावं लागणार होतं. आई जायला तयार नव्हती. ती म्हणे, डोळे नसले तरी हितला वारा मला कळतो, तितं काय कळायचं. तिला एकटीला माळावर ठेवून जायचं किंवा ओढत न्यायचं, एवढंच त्याच्या हातात उरलं असतं.

मग तालीम सुरू झाली. किसनला पाढे येत नव्हते. मास्तर म्हणाले, जे येतं ते म्हण, पण तोंड बंद ठेवू नकोस. तेव्हा तो पाण्याखालच्या खाचरांची नावं घेऊ लागला. ज्या खाचरावरून काकडी जाई त्याचं नाव. ह्यो आमचा डोबा, ह्ये वडाचं खाचर, ह्यी तात्याची पट्टी, हितं बांध फुटायचा. मास्तर खूश होते, कारण आवाज तुटत नव्हता. मला मात्र ते ऐकवत नसे. मी काठावर पाठ करून बसे आणि मुलांच्या वह्या तपासायचं ढोंग करी.

नुसती गोवरी पुरत नाही, शेवटच्या तुकड्याला गवत लागतंच, असं मास्तर म्हणत. म्हणून मध्येच ते ओरडत, "पेटव." किसन जिवाच्या करारानं वल्हं मारायचा आणि खाचरांची नावं बंद व्हायची. मग थांबून शीळ घालायची. शीळ नीट वाजली की दम परत आला असं समजायचं आणि पुन्हा पेटवायचं. सुरुवातीला किसनच्या तोंडून नुसता वारा यायचा. दिवाळीच्या सुमाराला तो लगेच शीळ घालू लागला. मास्तरांच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, आता सगळं जमलं.

आणि तेव्हाच सगळं अडलं.

गाव उठवायची वेळ आली होती तेव्हा गुरवानं वाघजाईला कौल लावला होता. देवीनं जागा सोडायला कौल दिला नाही. गाव वर गेलं, देवी खाली पाण्यातच राहिली. देवळाजवळच्या सावरीचा एक वाळका शेंडा तेवढा पाण्यावर दिसायचा. तेव्हापासून गावात रिवाज पडला की तिथं आलं की वल्हं मांडीवर ठेवायचं, हात जोडायचे, कपाळ टेकायचं आणि मगच पुढे जायचं. शर्यतीची रेघ नेमकी त्या सावरीजवळून जात होती. जिथं गवत पेटवायचं, नेमकी तीच जागा. किसन दरवेळी तिथं थांबत होता. मास्तरांना वाटत होतं, सराव आहे म्हणून थांबतोय. किसनला वाटत होतं, हे सांगायची काय गरज.

थांबणं एवढ्याशा वेळाचं होतं. पण थांबलेली काकडी पुन्हा पळवायची म्हणजे सगळं गवत तिथंच जळणार आणि शेवटाला राख उरणार. मास्तरांनी खूप उपाय काढले. सकाळी आधीच नमस्कार घालून ठेव. किसन म्हणाला, तो सकाळचा झाला, वरनं जाताना घालायचा तो येगळा. मग नुसती मान लवव. नाही. जिमखान्याच्या सेक्रेटरींकडे जाऊन मास्तरांनी रेघ थोडी सरकवायची विनंती केली, तर ते हसून म्हणाले की एका बुडालेल्या देवळासाठी निशाणं हलवली तर उद्या प्रत्येक दगडासाठी हलवावी लागतील. त्यांचा खेळाडू दिनकर तिथंच उभा होता. चांगला धिप्पाड, मुंबईच्या कॉलेजात होड्या वल्हवून आलेला. त्यानं मास्तरांकडे बघून हात जोडले आणि कपाळ टेकल्याचं सोंग केलं. सगळे हसले. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, पण मी भूगोलाचा मास्तर.

त्या दिवशी काठावर मास्तर किसनवर भडकले. देवी तुला पगार देणार आहे का, आईला भाकरी देणार आहे का, असं पुष्कळ बोलले. किसन वल्ह्याचं पातं पुसत ऐकत राहिला. मग म्हणाला, "वाघजाई आई खाली हाय, मास्तर. तिच्या डोक्यावरनं हात न जोडता जायाचं व्हय? तुमी कुणाफुडंच हात जोडत न्हाई. तुमास्नी न्हाई कळायचं."

किसन म्हणाला ते खरं होतं. शाळेच्या प्रार्थनेलासुद्धा ते हात पाठीमागे बांधून उभे राहत. हेडमास्तरांना ते चालत नसे, पण त्यांनी कधी विचारलं नाही. मला आमच्या घरमालकीणबाईंनी कारण सांगितलं होतं. मास्तरांचा एकुलता मुलगा तापाच्या साथीत गेला. छाती भरली होती, श्वास लागला होता, आणि तो चालू राहावा म्हणून मास्तर देवापुढे हात जोडून बसले होते. पोर गेल्यावर त्यांनी घरातले देव भावाकडे पोचवले. पाठोपाठ बायकोही गेली. दमाचं वेड तेव्हापासूनचं. हे ऐकल्यापासून मी त्यांना 'चढावर जरा हळू चला' असं म्हणायचं सोडलं होतं.

त्यानंतरचे आठवडे वाईट गेले. तालीम होत होती, पण दोघं कामापुरतं बोलत. किसन सावरीपाशी थांबे. मास्तर तोंड फिरवत. मी दोघांच्या मध्ये बसून काहीतरी विनोद करी आणि त्यावर एकटाच हसे.

शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही दुपारीच पोचलो. लाँचच्या शेडमध्ये पथाऱ्या टाकल्या. ऊन कलल्यावर मास्तर एकटेच माळावर किसनच्या झोपडीकडे गेले. मला येऊ नका म्हणाले. दिवेलागणीला परत आले. मी भाजी-पोळी पुढे केली, ती त्यांनी नको म्हटली.

"सुटलं," ते म्हणाले. "उद्या तो थांबणार नाही."

कसं सुटलं ते सांगेनात. मला त्यांचा भयंकर राग आला. त्या आंधळ्या म्हातारीला काय काय ऐकवून, काय भीती घालून कबूल करवलं असेल याचं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी पाठ करून झोपलो. एका शर्यतीपायी या माणसानं एक घर देवीवेगळं केलं, असं मला वाटत राहिलं.

सकाळी अर्धा मावळ काठावर लोटला होता. एका बाजूला खुर्च्या, छत्र्या आणि जिमखाना. दुसऱ्या बाजूला चिखलाच्या काठावर माळावरचं गाव. पैलतीरावर काकड्या वालाच्या शेंगांएवढ्या दिसत होत्या, पण बार वाजला तो मात्र छातीत वाजला.

दिनकरनं सुरुवातीलाच गवत पेटवलं. त्याची काकडी सुसाट पुढे आली. जिमखान्यात टाळ्या सुरू झाल्या. किसन मागे पडला, पण त्याचं वल्हं एकाच लयीत चाललं होतं. वारा आमच्याकडे होता. कान दिला तर तुटक तुटक ऐकू येई, तात्याची पट्टी, वडाचं खाचर. मास्तर ओठ घट्ट मिटून ऐकत होते. दिनकरचं तोंड उघडं पडलेलं लांबूनही दिसायला लागलं. अंतर कमी होत होतं. मग दोघं जवळजवळ बरोबरीनं सावरीच्या शेंड्याकडे आले.

आमच्या बाजूचं गाव चिडीचूप झालं. तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की आता वल्हं मांडीवर जाणार. म्हाताऱ्या गुरवानं डोळे मिटून घेतले. आणि खाचरांची नावं बंद झाली. किसननं पेटवलं होतं. वल्हं मांडीवर गेलं नाही. तो सावरीवरून पुढे गेला.

गावातून एक हाय निघाली. मला कळेना, आनंद करायचा की काय करायचं. मी मास्तरांकडे वळलो. मास्तर जागेवर नव्हते.

ते खाली चिखलात पडले होते. पालथे, तोंड मातीत, टोपी बाजूला. कुणीतरी म्हणालं, मास्तरला भोवळ आली. मला वाटलं, संपलं, यांचाच दम गेला. मी धावलो. मागे आरडाओरडा वाढत होता, दोन्ही काकड्या शेवटच्या निशाणाकडे येत होत्या, आणि मी चिखलात गुडघे टेकून त्यांच्या खांद्याला हात घातला. तेव्हा दिसलं की त्यांचे दोन्ही हात डोक्यापुढे लांब केलेले होते आणि जोडलेले होते.

"हलवू नका," ते मातीतूनच म्हणाले. "मध्ये तोडू नका."

मी तसाच बसून राहिलो. पांढरी विजार गुडघ्यापासून काळी झाली होती. ते एवढा वेळ पडून राहिले की शर्यत संपली, शिट्ट्या झाल्या, साहेबाचा बिगुल वाजला. ज्या शेवटासाठी या माणसानं पावसाळ्यापासून जीव टाकला होता, तो त्यांनी पाहिलाच नाही. शेवटी ते उठून बसले, तोंडावरचा चिखल पुसला आणि मला विचारलं, "कोण आलं?"

मी पण पाहिलं नव्हतं. पण गावाकडून जो ओरडा उठला होता त्यावरून वेगळं विचारायची गरज नव्हती. "किसन," मी म्हणालो. त्यांनी नुसती मान हलवली.

लोकांनी किसनला काकडीतून उपसून बाहेर काढलं. साहेबानं पुढे केलेला हात त्यानं धड धरलाही नाही. चिखल तुडवत तो मास्तरांपुढे येऊन उभा राहिला. छाती भात्यासारखी चालली होती.

"घातला?" त्यानं विचारलं.

"घातला."

"समदा?"

"अंग टेकून," मास्तर म्हणाले.

किसन मटकन खाली बसला आणि रडायला लागला. त्याचा श्वास जरा बसल्यावर मी विचारलं, हा काय प्रकार आहे. तो म्हणाला, "आई म्हनली, तुज्या वाटनीचा दुसऱ्यानं घातला तर चालंल. पर घरचं मानूस पायजे. परक्याचा देवी धरायची न्हाई."

मी मास्तरांकडे पाहिलं. डोक्यात आदल्या संध्याकाळचा राग अजून होताच, आणि आता त्याचं काय करावं ते कळत नव्हतं. म्हणून मी नेहमीच्या सवयीनं थट्टा करायला गेलो. म्हटलं, "मास्तर, तुम्ही त्यांच्या घरचे कधी झालात?"

ते टोपी झटकत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "काल म्हातारीनंही हेच विचारलं. मी म्हटलं, याला थोरलं कुणी नाही. मला धाकटं कुणी उरलं नाही. बघा जमतंय का."

"मग?"

"मग तिनं माझा चेहरा चाचपून पाहिला," मास्तर म्हणाले, "आणि मला भाकरी वाढली."